दोन वाट्या, उडीद आणि मूग

रोहितचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया उलटत होते. "नलूमावशी, बसलीस का?" असं त्यानं विचारलं. ज्या फोनची सुरुवात अशी होते तो ऐकायला माणसानं बसूच नये, असं माझं मत आहे. मी उभीच राहिले. "प्रभामावशी गेली," तो म्हणाला. "सकाळी. सांगलीच्या घरी. झोपेतच..." आणि मी, साताऱ्यात जन्मभर पोरांना मराठी शिकवून बोलण्यावरच पोट भरलेली बाई, नुसतं "येते" म्हणाले. कुरडया तशाच उन्हात टाकून मी सांगलीची एसटी धरली.

माझ्या बालमैत्रिणीबद्दल, प्रभाबद्दल, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. काही माणसं जन्मतःच बहिरी का असतात याचं उत्तर रक्तात शोधणारी शास्त्रज्ञ, आष्ट्याच्या शेतकरी घरातली मुलगी, वगैरे. सगळं खरं होतं, आणि त्यात प्रभा कुठंच नव्हती. तिसऱ्या दिवशी सावडायला नातेवाईक जमले तेव्हा मात्र वेगळंच चाललं होतं. बायका पदराआडून एकच गोष्ट विचारत होत्या: तिला माहीत होतं का? प्रभाच्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा, मुलगा रोहित. प्रभाच्या थोरल्या भावाची, आनंदादादाची, मुलगी मनीषा. आमच्या भागातल्या रीतीप्रमाणे मामाच्या मुलीचं आणि आत्याच्या मुलाचं लग्न झालं. त्यांची तनू जन्मली ती बहिरी. आणि घरातल्या प्रत्येकाचं रक्त प्रभानं आधीच तपासलेलं होतं. मग तिला माहीत होतं का, आणि होतं तर ती गप्प का राहिली? या एका प्रश्नापायी सुनंदा गेली काही वर्षं सख्ख्या बहिणीशी बोलत नव्हती. सावडताना ती आली, पण नदीच्या पायरीवर लांब बसून राहिली.

आनंदादादापासून सांगायला हवं, नाहीतर काहीच कळायचं नाही. दादा जन्मतः बहिरा. त्याची आई ही त्याच्या वडिलांच्या मामाची मुलगी, म्हणजे तिथंही तीच रीत. गाव त्याला 'मुका' म्हणायचं आणि प्रभा तसं म्हणणाऱ्याच्या अंगावर धावून जायची. आमच्या वर्गातल्या एका पाटलाच्या पोराच्या हाताला ती यावरूनच चावली होती. "मुका न्हाई तो, तुमाला ऐकू येत न्हाई," असं ती ओरडली होती, आणि गुरुजींनी दोघांनाही उभं केलं होतं. त्या दोघांनी घरातल्या घरात हातांची बोली बनवली होती. वडील फौजेतले सुभेदार, म्हणून वडील म्हणजे मिशीला पीळ. आई म्हणजे कपाळावर बोट. मी म्हणजे पाची बोटांची चोच करून तिची उघडझाप... यावर मी काय बोलणार? आणि प्रभा म्हणजे कानाची पाळी ओढणं, कारण विचारात पडली की ती पाळी ओढायची. परीक्षेत तिचा डावा कान लाल झालेला असे.

कॉलेज संपायच्या आतच तिच्या आत्यानं आपल्या मुलासाठी तिला मागितलं. मागितलं म्हणजे काय, गृहीतच धरलं होतं. प्रभानं नकार दिला आणि घरात असा भडका उडाला की सुभेदारांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. तेव्हा तिला यातलं शास्त्र माहीत नव्हतं. "मला नुसतं वाटतंय नलू, की दादा असा का, याचं उत्तर या रीतीतच कुठंतरी आहे," एवढंच ती म्हणाली होती. ती पुण्याला शिकली, मग परदेशी गेली. तिथं तिचं नाव झालं, कायमची नोकरीही मिळत होती. सगळं टाकून ती सांगलीला परतली तेव्हा लोकांना वाटलं, मातृभूमीचं प्रेम. मी विचारलं तर चिडून म्हणाली, "प्रेम कसलं? तिथून सगळ्यांना फोन करता येतो, दादाला नाही. त्याला वाचताही धड येत नाही. तीन वर्षं मी भावाशी बोललेले नाही." पुढं मोबाइलवर चेहरे दिसायला लागले तेव्हा ती कपाळावर हात मारून घ्यायची. म्हणायची, हे थोडं आधी निघालं असतं तर मी आज मोठी बाई असते!

सांगलीत तिला प्रयोगशाळा म्हणून एक खोली मिळाली. तिथल्या यंत्रांचं मला काही कळलं नाही, पण तिच्याबरोबर मी गावं भरपूर फिरले. सुट्टी लागली की ती मला जीपमध्ये घालायची, कारण बायकांना बोलतं करायचं काम माझं. उसाच्या पट्ट्यातली बागायतदार घरं, औंधच्या पलीकडची मेंढरांमागं फिरणारी घरं, सगळीकडं एखादं तरी पोर असं असायचंच. कुठं देवीचा कोप, कुठं गरोदरपणात पाहिलेलं ग्रहण, आणि बहुतेक ठिकाणी सुनेचा पायगुण. प्रभा ओसरीवर मांडी घालून बसायची आणि रक्त काढण्याआधी प्रत्येकाला, अगदी एकेकट्याला, एकच वाक्य सांगायची: "तुझ्या रक्तातलं तुझं. विचारशील तर सांगीन, नको म्हणशील तर माझ्याबरोबर घेऊन जाईन." लोकांना ते आवडायचं. मला ते तेव्हा नुसतं छान वाक्य वाटलं.

औंधच्या बाजूलाच तिची एक फजिती झाली आणि ती तिला आयुष्यभर पुरली. एका घरात पहिली मुलगी बहिरी होती. नवराबायको दोघांनीही विचारलं, म्हणून प्रभानं समजावलं: तुम्हा दोघांना नीट ऐकू येतं, पण दोघांच्याही रक्तात ही गोष्ट अर्धी-अर्धी लपलेली आहे, ती दोन्हीकडून आली तर मूल बहिरं होतं, तेव्हा तुमच्यात चारात एक असं धरा. सासूबाई शेंगा फोडत ऐकत होत्या. त्यांचा चेहरा उजळला. आम्हाला चहा मिळाला, निघताना शेंगांची पिशवीही मिळाली. पुढच्या खेपेला गेलो तर पाळण्यात दुसरं मूल, तेही बहिरं. सासूबाई दारातच म्हणाल्या, "आवं बाई, तुमीच म्हणाला व्हता की, चारात एक! एक झालं व्हतं आमचं. आता तीन मोकळी, म्हणून तर आमी..." त्यांना वाटलं होतं वाट्याचं आलं, पदरात पडलं, आता पुढची तिन्ही चांगली. सून भिंतीला टेकून उभी होती. परतीच्या वाटेवर प्रभाचा कान नुसता लालेलाल.

त्यानंतर तिनं बाजारातून दोन स्टीलच्या वाट्या आणल्या. प्रत्येकीत एक काळा उडीद आणि एक मूग. दोन्ही दाणे आकारानं सारखे, डोळे मिटले तर हाताला फरक कळत नाही. ही वाटी बापाची, ही आईची. डोळे मिटून दोन्हींतला एकेक दाणा उचला. एक तरी मूग आला तर पोराला ऐकू येईल, दोन्ही उडीद आले तर नाही. मग दाणे परत वाटीत टाका आणि दुसऱ्या पोरासाठी पुन्हा उचला. "मागच्या पोराचं या वाटीला काही आठवत नाही," असं ती सांगायची. घरोघरी बायाबापड्या, कॉलेजात जाणारी पोरं, फेटेवाले आजोबा डोळे मिटून वाटीत बोटं घालत. उडीद-उडीद निघाले की कुणीतरी घाईनं दाणे परत वाटीत टाकी.

दादालाही तिनं हे वाट्यांवरच सांगितलं. मी तिथं होते, आष्ट्याच्या घरी, सोप्यात. दादा तेव्हा पन्नाशीला आलेला, ऊस बघणारा, उत्तम बैलजोडी राखणारा माणूस. तिनं त्याच्या तळहातावर दोन उडीद ठेवले आणि कपाळावर बोट, मिशीला पीळ: एक आईचा, एक वडिलांचा. दादानं दोन्ही दाणे बोटानं उलटसुलट केले. मग त्यानं विचारलं, आणि तू? तिनं स्वतःचं रक्त तपासलेलं होतंच. तिनं एक उडीद, एक मूग दाखवला. दादा असा काही हसला... तिच्या दंडावर थापट्या मारत त्यानं उडदावर बोट ठेवलं, स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि मग तिच्या. म्हणजे तुझ्यात अर्धा मी आहे! नंतर त्याचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं काळा दाणा चिमटीत धरला, लांब फेकल्यासारखं केलं आणि भुवया वर करून तिच्याकडं बघितलं. हा नको असावा म्हणून हिंडतेस का गावोगाव? प्रभाचे हात मांडीवरच राहिले. हातांनी बोलणाऱ्या माणसाचे हात मांडीवर राहिले म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. जीपमध्ये ती म्हणाली, "मी उंबऱ्यावर बसलेय नलू. आत जाता येत नाही, बाहेर पडता येत नाही. लोकांना सांगते की नात्यात करू नका, आणि घरी आले की दादाच्या तोंडाकडं बघता येत नाही." मी तिची समजूत काढायला गेले तर म्हणाली, "शिकवू नकोस."

पुढं गावच्या यात्रेला सगळं कुटुंब जमलेलं असताना तिनं घरच्या सगळ्यांचं रक्त घेतलं. तेच वाक्य, तसंच एकेकट्याला. रोहित तेव्हा शिकत होता. त्यानं हसत हसत हात पुढं केला. त्याच्या वडिलांनी आपलं काय ते विचारून घेतलं आणि शिरवळला जाऊन सगळ्या आळीला सांगितलं की आपलं रक्त साफ आहे. सुनंदानं स्वतःचं विचारलंच नाही. "मला चांगलं ऐकू येतंय की, मला काय धाड भरलीया," असं ती म्हणाली होती.

मग काही वर्षांनी रोहित आणि मनीषाची सोयरीक निघाली. रोहित शिरवळच्या कारखान्यात नोकरीला लागला होता, मनीषा शिक्षिका झाली होती, आणि खरं सांगायचं तर दोघं एकमेकांना आधीच पसंत होती, थोरल्यांनी नुसतं नाव घेतलं. दादाच्या मुलीत एक उडीद असणार हे उघड होतं, कारण दादाकडं दुसरं द्यायला काही नव्हतंच. प्रश्न रोहितचा होता. सुनंदा सांगलीला आली तेव्हा योगायोगानं मी प्रभाकडंच होते. "अक्के, काय धोका न्हाई न्हवं?" तिनं विचारलं. प्रभा म्हणाली, "नात्यात करू नये, असं मी सगळ्यांनाच सांगते." सुनंदा म्हणाली, "ते सगळ्यांस्नी झालं. आमच्या रोहितचं काय?" प्रभा कानाची पाळी ओढत खिडकीबाहेर बघत राहिली. सुनंदाचा चेहरा सैल झाला. "काय असतं तर बोलली असतीस. माझ्यापास्नं लपवून काय करशील?" असं म्हणून तिनं पिशवीतनं पेढे काढले. प्रभानं पेढा हातात घेतला. तो तिनं खाल्ला नाही, मी बघत होते. सुनंदा गेल्यावर मी काही विचारणार तेवढ्यात ती म्हणाली, "मला विचारू नकोस. तुझ्याशी खोटं बोलायची वेळ आणू नकोस." लग्नात ती पहिल्या ओळीत बसली होती, नवी साडी नेसून, हातातल्या अक्षता घामानं भिजवत.

तनू झाली. काही महिन्यांनी तपासण्या झाल्या आणि घरावर अवकळा आली. एकटा दादा आनंदानं वेडा झाला होता. तो पोरीला उचलून अंगणभर फिरे, तिच्यापुढं बोटं नाचवी, आणि ती त्याच्या बोटांकडं बघून खिदळे. त्याचा आनंद बघवेना आणि सुनंदाचं रडणं ऐकवेना, अशी सगळ्यांची गत. सुनंदानं भर घरात प्रभाला विचारलं, "तुला म्हाईत व्हतं का न्हाई, एवढंच सांग." प्रभा म्हणाली, "मला सांगता येत नाही." सुनंदाला वाटलं, ही कबुलीच आहे. "जगाला सांगत हिंडलीस आणि माझ्या घराला गिळून बसलीस!" असं ती म्हणाली आणि तिथंच बहीण संपली. रोहित कोपऱ्यात उभा होता, मान खाली घालून.

त्यानंतरची प्रभा मला आठवू नये असं वाटतं, पण तीच आठवते. गावात जाणं तिनं बंद केलं. प्रयोगशाळा आणि घर, घर आणि प्रयोगशाळा. तनूच्या कानाचं ऑपरेशन कुठं करायचं, यंत्र कुठलं बसवायचं, बोलायला शिकवणारी बाई कोण, हे सगळं तिनंच शोधलं आणि माझ्या तोंडून शिरवळला कळवलं. सुनंदाला ते माझं डोकं वाटे, आणि माझं डोकं एवढं चालतं असं समजणारी ती जगात एकटीच. तनू आता चुटुचुटु बोलते. पण दादा आला की कानावरचं यंत्र काढून त्याच्या खिशात टाकते आणि हातांनी गप्पा मारत बसते. हे मी प्रभाला सांगितलं तेव्हा तिनं मला ते तीनदा सांगायला लावलं. "यंत्र खिशात टाकते? स्वतः?" शेवटच्या भेटीत मी न राहवून म्हटलं, "अगं, काय ते बोलून मोकळी हो ना." ती म्हणाली, "माझं असतं तर झाले नसते का?"

तेरावं झाल्यावर तिची राहती खोली आवरायला आम्ही पुन्हा सांगलीला गेलो. सुनंदा, रोहित, मनीषा, दादा, तनू आणि मी. खोलीत पुस्तकं सोडली तर फारसं काही नव्हतंच. ओट्यावरच्या फळीवर त्या दोन वाट्या होत्या, प्रत्येकीत एक उडीद, एक मूग. त्या बघितल्या आणि सुनंदाचा बांध फुटला. "ह्या वाट्या घिऊन जगभर हिंडली. एकदा माझ्याम्होरं ठेवल्या असत्या तर! नले, तू तर तिच्या गळ्यातली. खरं सांग, तिला म्हाईत व्हतं का?" मी म्हटलं, "मला तिनं कधी काही सांगितलं नाही." ते खरंच होतं.

"माहीत होतं," रोहित म्हणाला. तो दारात उभा होता. "सोयरीक निघाली तेव्हा मी इथं आलो होतो, आई. एकटा. मावशीनं विचारलं, सांगू का तुझं? मी म्हटलं, नको. सांगितलंस तर मला नाही म्हणावं लागेल आणि मला मनीषाच करायची आहे. आईलाही कळू देऊ नकोस म्हणालो. ती फार समजावत होती, मीच ऐकलं नाही. मनीषाला लग्नानंतर सांगितलं. तुला सांगायचं धाडस..." मनीषा जमिनीकडं बघत होती.

सुनंदा त्याला मारते की काय असं मला वाटलं. मारायला हवं होतं, असं माझं अजूनही मत आहे. पण ती मटकन खाली बसली. "म्हंजे तुझ्यापायी ती... आणि मी तिच्या मौतीपातूर..." मग एकदम म्हणाली, "पर तुझ्यात आलं कुठनं? तुझ्या बाबांच्यात न्हाई म्हणाली व्हती की."

दादाला एवढं सगळं ऐकू आलं नव्हतं, पण चेहरे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतात. त्यानं मनीषाकडं बघितलं. तिनं हातांनी थोडक्यात सांगितलं, सुनंदाचा प्रश्नही. तो उठला, फळीवरच्या दोन्ही वाट्या घेऊन सुनंदासमोर फरशीवर बसला. एक वाटी त्यानं जमिनीवर ठेवली आणि स्वतःच्या कानाची पाळी ओढली. प्रभा. दुसरी वाटी त्यानं सुनंदाच्या पुढ्यात सरकवली आणि बोट तिच्या छातीवर ठेवलं. तू.

सुनंदा या वाटीकडून त्या वाटीकडं बघत राहिली. एक उडीद, एक मूग. एक उडीद, एक मूग. "आमी दोघी येकसारख्याच व्हय रं?" ती दादाला विचारत होती, तोंडानं, हात विसरून. "मग मला का न्हाई बोलली ती?"

"तू माझं विचारलंस आई," रोहित म्हणाला. "तुझं कधी विचारलंच नाहीस."

हा लेख छापायला देण्याआधी मी तो रोहितला वाचायला दिला. मला वाटलं, नको म्हणेल. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला आणि मग फोनवर म्हणाला, "छाप मावशी. तिनं आपल्याबरोबर नेलं, आता ते माझं मी परत घेतो." सुनंदाचं मला एवढंच ठाऊक आहे की दोन्ही वाट्या तिनं कुणाला देऊ दिल्या नाहीत. परवा मी शिरवळला गेले तर त्या तिच्या देव्हाऱ्याशेजारी होत्या. तनू यंत्र दादाच्या खिशात टाकून त्याच्याशी भांडत होती. सुनंदानं डबा उघडला, वाट्यांतले जुने दाणे काढले आणि निवडून नवे घातले. दाण्यांना कीड लागते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी बदलते म्हणाली. एक उडीद, एक मूग. मग प्रभाच्या वाटीत घालताना तिनं एका हातानं स्वतःच्या कानाची पाळी ओढली आणि कामाला लागली.